सॅम शिअर

सॅम शिअर (१९०५–१९८२) हे अमेरिकन वृत्तछायाचित्रकार होते. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सी राज्यातील लेकहर्स्ट येथे जळून कोसळलेल्या हिंडेनबर्ग या जर्मन वायुनौकेचे त्यांनी टिपलेले छायाचित्र विसाव्या शतकातील सर्वांत परिचित वृत्तछायाचित्रांपैकी एक मानले जाते.

हिंडेनबर्गचे आगमन

शिअर हे इंटरनॅशनल न्यूज फोटोज या वृत्तछायाचित्रसंस्थेसाठी काम करीत. सुमारे २४५ मीटर लांबीची आणि हायड्रोजन वायूने भरलेली हिंडेनबर्ग ३ मे रोजी फ्रँकफर्टहून निघाली होती. ती ६ मे रोजी सकाळी लेकहर्स्टच्या नौदल तळावर उतरणार होती. परंतु प्रतिकूल वारे व वादळी हवामान यांमुळे संध्याकाळ झाली. तिच्या आगमनाचे चित्रण करण्यासाठी छायाचित्रकार व वृत्तपटांचे चित्रक तळावर थांबले होते. शिअर त्यांपैकीच एक होते.

छायाचित्र

संध्याकाळी सुमारे ७ वाजून २५ मिनिटांनी नौकेच्या शेपटाकडील भागात आग लागली आणि अवघ्या अर्ध्या मिनिटात ती जमिनीवर कोसळली. शिअर यांच्याजवळ स्पीड ग्राफिक हा वजनदार कॅमेरा होता. त्यात एका वेळी एकच सुटी फिल्म वापरता येई आणि पुढील चित्रासाठी फिल्मची चौकट काढून उलटी बसवावी लागे. कॅमेरा डोळ्यापर्यंत नेण्यासही वेळ मिळाला नाही, त्यामुळे तो कमरेजवळ धरूनच आपण कळ दाबली, असे शिअर यांनी पुढे सांगितले. असोसिएटेड प्रेसचे मरे बेकर यांच्यासह इतरांनीही या दुर्घटनेची छायाचित्रे घेतली. मात्र शिअर यांचे चित्र सर्वाधिक प्रसिद्ध झाले.

परिणाम

नौकेवरील ९७ जणांपैकी ३५ जण आणि जमिनीवरील एक कर्मचारी असे एकूण ३६ जण मृत्युमुखी पडले. ६२ जण वाचले, ही गोष्ट मात्र ज्वालांनी व्यापलेल्या त्या चित्रावरून लक्षात येत नाही. ४ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकी नौदलाची ॲक्रॉन ही वायुनौका समुद्रात कोसळून ७३ जणांचा बळी गेला होता. ती दुर्घटना रात्रीच्या अंधारात, कॅमेऱ्यांपासून दूर घडली. त्यामुळे मनुष्यहानी दुपटीहून अधिक असूनही ती लोकांच्या स्मरणात तितकीशी राहिली नाही. हिंडेनबर्गची चित्रे वृत्तपत्रांतून आणि वृत्तपटांतून जगभर पोहोचली. वायुनौकांवरील लोकांचा विश्वास उडाला आणि त्यांची अटलांटिकपार प्रवासी वाहतूक कायमची बंद पडली.

वारसा

शिअर यांच्या छायाचित्रावरून रेखाटलेले चित्र १९६९ साली लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर वापरण्यात आले. त्यामुळे दुर्घटनेनंतर जन्मलेल्या पिढीलाही ते दृश्य परिचित झाले. छायाचित्रकाराचे नाव मात्र त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक आहे. शिअर यांचे १९८२ साली निधन झाले.