ब्राउनिंग हे आडनाव

अनंत कान्हेरे याने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस पिस्तुले पाठवली आणि ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला उतरली, हेही पुष्कळांना ठाऊक असते. त्या हकिगतीत पिस्तुलाच्या आधी ब्राउनिंग असा एक शब्द येतो. आपण तो ओलांडून पुढे जातो. तो शब्द म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे. कान्हेरेचे नाव त्या माणसाच्या कानावर कधी गेले असेल असे मला वाटत नाही. पण त्याचे चरित्र वाचताना नाशिक माझ्या मनातून जाईना.

जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे, धंद्याने बंदुका घडवणारे कारागीर. तीन बायका आणि बावीस मुले असा त्यांचा संसार! घरात पैसा बेताचा, पण दुकानात मोडक्या बंदुकांचा ढीग. दहा वर्षांच्या जॉनने त्या भंगारातली एक नळी घेऊन बंदूक जुळवली आणि माळावरचे पक्षी मारून आणले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा संपली. पुढे त्याच्या नावावर १२८ पेटंटे झाली, ती या एवढ्या शिक्षणावर.

त्याची कामाची रीत मोठी विलक्षण होती. तो नकाशे काढीत बसत नसे. यंत्र आधी मनात जुळवायचे, पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे साचे कापायचे आणि मग पोलाद हाती घ्यायचे. आमच्या घरी सुतारकाम आहे. वडील दाराची चौकट कागदावर कधी काढत नाहीत, ती त्यांच्या डोळ्यांत असते. त्यामुळे ब्राउनिंगची ही गोष्ट मला अशक्य वाटली नाही. मात्र चौकट तसूभर चुकली तर दार कुरकुरते. बंदूक चुकली तर माणसाचा हात जातो.

१८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात फार गर्दीचे गेले. वडील वारले, लग्न झाले आणि पहिले पेटंट मिळाले. त्या पेटंटाची एकबारी रायफल तो भावांच्या मदतीने ऑग्डेनलाच बनवू लागला. १८८३ साली विंचेस्टर कंपनीचे बेनेट इतक्या दूर स्वतः आले आणि त्यांनी त्या रायफलीचे हक्क ८,००० डॉलरला विकत घेतले. पुढे वीसएक वर्षे विंचेस्टरच्या नावाने गाजलेल्या कित्येक बंदुका मुळात ऑग्डेनच्या या कारागिराच्या होत्या. घडवणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याकडच्या कारागिरांनाही नवा नाही. १९०२ साली एका बंदुकीसाठी त्याने एकरकमी किमतीऐवजी नगामागे मोबदला मागितला. बेनेटनी नकार दिला आणि संबंध तुटले.

पण त्याच्या डोक्यात वेगळेच चक्र त्यापूर्वीच फिरू लागले होते. १८८९ साली नेमबाजीच्या मैदानावर, बंदूक झाडली की नळीपुढचे गवत झोताने वाकते, हे त्याने पाहिले. सगळेच पाहत होते. ही शक्ती फुकट जाते आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्या वायूवर चालणारी मशीनगन त्याने बनवली, आणि मग तो पिस्तुलाकडे वळला. १८९७ साली त्याला पिस्तुलांची पेटंटे मिळाली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये लिएज शहराजवळच्या हर्स्टाल येथील शस्त्रकारखान्याशी त्याचा करार झाला. अमेरिकेत हे काम कोल्ट कंपनीकडे गेले. नळीवर पोलादी आवरण बसवायचे आणि धक्क्याने ते मागे सरकू द्यायचे, ही त्याची कल्पना. त्याला स्लाइड म्हणतात. आजही जगातील बहुतेक पिस्तुलांना ती असते.

आता त्याच्या सर्वांत प्रसिद्ध पिस्तुलाकडे येतो. १८९८ साली फिलिपाइन्स बेटे स्पेनकडून अमेरिकेच्या हाती आली. स्वातंत्र्यासाठी जे स्पेनशी लढले होते, त्यांना आता अमेरिकेशी लढावे लागले. दक्षिणेकडील मोरो लोक धारदार शस्त्रे घेऊन चालून येत. ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही ते थांबत नाहीत, अशी तक्रार सैन्यातून येऊ लागली. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी कत्तलखान्यातील जनावरांवर आणि प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि गोळी ०.४५ इंचापेक्षा लहान नसावी असा निष्कर्ष काढला. शस्त्रांवरील पुस्तकांत हे सर्व तांत्रिक अडचण म्हणून येते. तो मोरो माणूस स्वतःच्या बेटावर उभा होता, हे मात्र त्यांत येत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

ब्राउनिंगने या गोळीसाठी पिस्तूल बनवले. गोळी सुटताच नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोड्या मागे येतात. नळीखालच्या लहानशा दुव्यामुळे नळीचा मागचा भाग खाली झुकतो आणि स्लाइड मोकळी होते. ती एकटी मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, हातोडी चढवते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारते. मॅगझिनमध्ये अशी सात काडतुसे. घोडेस्वाराच्या एका हातात लगाम असतो, म्हणून मूठ पक्की धरल्याशिवाय चाप चालू नये अशी सोय केली. पुढे अंगठ्याने लावायची कळही आली.

मार्च १९११ मध्ये अखेरची परीक्षा झाली. एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडले. ब्राउनिंगचे एकदाही अडले नाही! २९ मार्च १९११ रोजी अमेरिकन सैन्याने ते स्वीकारले आणि १९८५ साली इटालियन बेरेटा येईपर्यंत तेच ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते टाइपरायटरच्या आणि रेल्वे सिग्नलच्या कारखान्यांतही तयार झाले. आपल्या आज्या ज्या सिंगरच्या मशीनवर परकर-पोलकी शिवत, त्या सिंगरनेही ५०० नग केले.

दरम्यान हर्स्टालची पिस्तुले जगभर पसरली होती. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग हा पिस्तुलालाच शब्द झाला. नाशिकच्या घटनेआधी दोनच महिने, २६ ऑक्टोबर १९०९ रोजी, हार्बिनच्या स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन याने जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी याला मारले, तेही ब्राउनिंग पिस्तुलानेच. कोरियन आणि मराठी तरुणांना एकमेकांचा पत्ता नव्हता. एकीकडे साम्राज्यासाठी पिस्तूल तयार होत होते, दुसरीकडे त्याच माणसाची पिस्तुले साम्राज्याविरुद्ध झाडली जात होती. ब्राउनिंगच्या बाजूने यात कसलीच निवड नव्हती. ते अडू नये, एवढेच त्याचे पाहणे. याला निर्दोष म्हणावे की उदासीन, यावर आमच्या खोलीत एकदा बराच वाद झाला. माझे मत दुसऱ्या शब्दाकडे झुकते.

२८ जून १९१४ रोजी साराजेवो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली. ते पिस्तूलही ब्राउनिंगच्या आराखड्याचे आणि हर्स्टालच्याच कारखान्यातले होते. त्यातून महायुद्ध पेटले आणि ऑगस्टमध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या, त्या प्रथम लिएजवर. दोन महिन्यांच्या आत ती गोळी फिरून आपल्या जन्मगावी आली होती.

ब्राउनिंग पुढेही त्या कारखान्यात येत राहिला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी तिथेच काम करत असताना हृदय बंद पडून तो वारला. वय ७१. एक ९ मि.मी. पिस्तूल अपुरे राहिले होते. ते बेल्जियन कारागीर सेव्ह याने पूर्ण केले आणि १९३५ साली ते बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात हर्स्टाल जर्मनांच्या ताब्यात गेले, तेव्हा ते तिथे जर्मनांसाठी आणि कॅनडात दोस्तांसाठी बनत होते. पुढे बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात भारतीय सैन्यासाठी ते तयार होऊ लागले. त्याचे सरकारी नाव पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए. त्या नावात ब्राउनिंग कुठे नाही.