थकव्याचे कारण शोधणाऱ्या ल्यूसी विल्स

शकुंतला रेल्वेने यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला जाई आणि तिथून पुढे मुंबईकडे. त्याच काळात मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधील आणि गिरण्यांतील गरोदर बायांना एक जीवघेणा पंडुरोग गाठत असे. सुरुवात नुसत्या थकव्याने होई. मग धाप लागे, पायांवर सूज येई, ओठ पांढरे पडत आणि कित्येक जणी बाळंतपणाच्या आसपास दगावत. या रोगाचे कारण शोधण्यासाठी १९२८ मध्ये लंडनहून चाळीस वर्षांच्या एक डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांचे नाव ल्यूसी विल्स.

बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे १८८८ मध्ये त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. परीक्षा झाल्या, पण तेव्हाचे केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत काही दिवस रुग्णसेवा केल्यावर त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता.

मुंबईत हाफकिन संस्थेत काम सुरू झाले. सूक्ष्मदर्शकाखाली या बायांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी होत्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडले की पेशी लहान आणि फिक्या होतात, म्हणजे हा त्या जातीचा रक्तक्षय नव्हता. ल्यूसी यांनी आधी जंतुसंसर्ग शोधला, तो सापडला नाही. मग एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. भाजीपाला, फळे, दूध, मांस यांपैकी फारसे काही ताटात नसलेल्या गरीब घरांतच हा आजार जास्त दिसत होता.

तसाच निकृष्ट आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदीर अशक्त झाले आणि उत्तर सापडल्यासारखे वाटले. पण पुढे कळले की त्या उंदरांना उवांमधून पसरणारा एक जंतुसंसर्ग झाला होता. वरून एकसारखी दिसणारी अशक्तता, कारण भलतेच! त्यानंतर माकडांवर प्रयोग झाले. खंगलेल्या माकडाला यीस्टपासून बनवलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क दिला आणि ते सावरले. मग तोच अर्क आजारी बायांना दिला गेला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांचे खरे मोठे काम याच्या पुढचे आहे. त्या वेळी 'पर्निशियस अॅनिमिया' या दुसऱ्या रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क देत. त्यातही पेशी मोठ्याच असतात, त्यामुळे दोन्ही आजार एकच समजले जाण्याचा धोका होता. ल्यूसी यांनी दाखवले की तो शुद्ध अर्क त्यांच्या रुग्णांना उपयोगी पडत नाही, कच्चा अर्क आणि यीस्ट मात्र पडतात. म्हणजे शरीरात उणीव असलेले घटक दोन होते. एक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. ते १९४१ मध्ये पालकातून वेगळे केले गेले आणि १९४५ च्या सुमारास अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने कृत्रिमरीत्या तयार केले. दुसरा घटक बी-१२, तो १९४८ मध्ये हाती आला.

मधल्या दोन-तीन वर्षांत काय घडले ते आजही महत्त्वाचे आहे. नवे फॉलिक अॅसिड पर्निशियस अॅनिमियाच्या रुग्णांनाही देण्यात आले. हिमोग्लोबिन वाढले, चेहऱ्यावर तरतरी आली. पण काहींच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, चाल अडखळू लागली. उणीव बी-१२ ची होती. गोळीने रक्त सुधारले आणि मज्जातंतू मात्र झिजत राहिले. आपल्याकडे शाकाहारी, दूधही कमी घेणाऱ्या घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. 'ताकदीच्या' गोळ्या किंवा सलाईन मागून घेणाऱ्यांच्या बाबतीत हाच धोका आहे. एनर्जी ड्रिंकची तर बातच निराळी, त्यातले कॅफिन थकवा काही तास झाकते एवढेच.

यवतमाळ जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. कोलाम, गोंड, परधान अशा अनेक समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमीच असते. कापूस वेचताना तो लवकर थकतो आणि घरचे मेडिकलमधून लोहाचे टॉनिक आणतात. पण या आजारात पेशी फुटतात तेव्हा त्यातले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या यकृतात आणि हृदयात ते साठत जाते. त्यामुळे अशा रुग्णाला तपासणीत लोहाची कमतरता दिसल्याशिवाय लोह देत नाहीत. जे केवळ वाहक आहेत त्यांनी मात्र इतरांसारख्याच गोळ्या घ्याव्यात. सोल्युबिलिटी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. साध्या सीबीसी अहवालातील 'एमसीव्ही' हा आकडाही बरेच सांगतो. तो ८० च्या खाली असेल तर पेशी लहान, १०० च्या वर असेल तर मोठ्या. ल्यूसी सूक्ष्मदर्शकातून हेच पाहत होत्या. आणि मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग यांचा थकवा तर कोणत्याच टॉनिकने जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या गरोदर स्त्रियांना लोह द्यावे की नाही, हे ल्यूसी यांनी काहींना खरी, तर काहींना बिनऔषधाची गोळी देऊन तपासले. १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला आणि त्या कामात खंड पडला. निवृत्तीनंतर त्या चेल्सीत नगरसेविका झाल्या, फिजीपर्यंत जाऊन आहार आणि रक्तक्षयाचा अभ्यासही केला. लग्न केले नाही. प्रयोगशाळेत सायकलने जात. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आशाताई गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस ज्या लाल गोळ्या देतात, त्यातल्या प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. त्या चहासोबत घेऊ नयेत आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. मूठभर गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.