हत्ती धरण्याचे शास्त्र लिहिणारा राजा

ट्रॉम्बेची टेकडी ज्या कोकणपट्टीत मोडते, तिचे प्राचीन नाव अपरांत. जुन्या ग्रंथांत भारतातील आठ हत्तीवने सांगितली आहेत. त्यांत या अपरांताचाही समावेश आहे, हे आजच्या मुंबईकराला सहसा खरे वाटणार नाही. ही वने आणि तेथील हत्ती धरण्याच्या रीती एका राजाने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवल्या. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर हा तो राजा.

कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पिता सहावा विक्रमादित्य पन्नास वर्षे राज्य करून ११२६ मध्ये निवर्तला आणि सोमेश्वर गादीवर आला. पित्याची युद्धतत्परता त्याच्यात नव्हती. त्याचा ओढा विद्येकडे. ‘सर्वज्ञ’ हे बिरुद त्याला शोभून दिसे. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. पाककलेपासून रत्नपरीक्षेपर्यंत सारे त्यात आहे. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्यातलीच.

हत्ती म्हणजे तेव्हाचे सैन्यबळ. माणसाच्या ताब्यात हत्तीची पैदास क्वचितच होई, शिवाय पिल्लू वाढवून कामाला येईपर्यंत वर्षे जात. म्हणून रानातला मोठा हत्तीच धरावा लागे. सोमेश्वराने पाच रीती सांगितल्या. ‘वारी’त कळप हाकत भक्कम आवारात कोंडायचा. ‘वशा’त शिकवलेल्या हत्तिणींच्या मोहाने नराला जवळ आणून बांधायचे. ‘अनुगता’त पाठलाग करून दमवायचे. उरलेल्या दोन, म्हणजे ‘आपात’ आणि झाकलेल्या खड्ड्यात पाडण्याची ‘अवपात’, त्याने त्याज्य ठरवल्या. त्यांत हत्ती प्राणास मुकतो. ही केवळ भूतदया नसावी, राजाला सैन्यासाठी धडधाकट जनावर हवे होते! सिंधुदुर्गातील माणगाव खोऱ्यात २०१५ मध्ये तीन रानटी हत्ती धरले गेले, तेव्हाही भुलीच्या औषधाच्या जोडीला कर्नाटकातून आणलेले माणसाळलेले हत्तीच कामी आले.

राजा ग्रंथरचनेत रमला असताना मांडलिक मात्र स्वस्थ नव्हते. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन स्वतंत्र होऊ पाहत होता. अवघ्या बारा वर्षांच्या राजवटीनंतर ११३८ मध्ये सोमेश्वराचे निधन झाले. पुढे दोन दशकांच्या आतच कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली. विसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने ‘मानसोल्लास’ छापून काढला.