‘बाहेरचा’ उमेदवार : कृष्ण मेनन आणि उत्तर मुंबई

मूळचा कोण आणि बाहेरचा कोण, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत कुठेही विचारला तरी त्याचे उत्तर सोपे नाही; आणि आरे कॉलनीत तर ते फारच अवघड आहे. गोरेगावच्या पूर्वेकडील या टेकड्यांत आदिवासींचे पाडे आधीपासून होते. स्वातंत्र्यानंतर सरकारने येथे दूधवसाहत उभारली. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातल्या तबेल्यांमधील म्हशी येथे आणल्या गेल्या. त्यांच्याबरोबर उत्तर प्रदेशातले दूधवाले आले, नोकरीच्या निमित्ताने कोकणातली आणि घाटावरची कुटुंबे आली. १९५१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. म्हणजे पाड्यांवरील वारली सोडले, तर येथला बहुतेक प्रत्येक जण केव्हा ना केव्हा बाहेरूनच आलेला आहे. एरवी याची कोणाला आठवणही होत नाही. निवडणूक आली, आणि त्यातही पक्षाच्या उमेदवारीचा प्रश्न निघाला, की मात्र ‘बाहेरचा’ हा शब्द एकाएकी धारदार होतो.

आरेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या उपनगरांचे लोकसभेत दहा वर्षे प्रतिनिधित्व करणारा माणूस असाच एक ‘बाहेरचा’ होता. त्याला मराठी येत नव्हते. तो जन्मला कोळिकोडला, वाढला मलबारात, आणि आयुष्याची ऐन उमेदीची अठ्ठावीस वर्षे त्याने लंडनमध्ये घालवली. त्याचे नाव व्ही. के. कृष्ण मेनन. आज त्यांचे नाव निघाले की लोकांना चीनचे युद्ध आठवते. परंतु पक्षाच्या दारात उपऱ्या उमेदवाराला न्याय मिळतो का, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्या चरित्रात वेगळेच काही सापडते.

वेंगालिल कृष्णन कृष्ण मेनन यांचा जन्म १८९६ सालचा. वडील वकील, घर सुखवस्तू. मद्रासमध्ये शिकत असताना ते अॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीकडे ओढले गेले. १९२४ साली ते इंग्लंडला गेले. जाताना फार दिवस राहण्याचा विचार नव्हता. पण तेथेच ते रमले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकले, बॅरिस्टर झाले. ‘इंडिया लीग’ ही संस्था त्यांनी हाती घेतली आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ब्रिटिश मजुरांच्या सभांतून आणि खासदारांच्या बैठकांतून अखंड मांडला. पैशाची नेहमीच चणचण असे. चहाच्या कपामागून कप आणि जोडीला थोडेसे काही, एवढ्यावर दिवस काढायची सवय त्यांना तेथेच लागली. स्वस्त आणि सकस पुस्तके सामान्य वाचकांपर्यंत नेणाऱ्या ‘पेलिकन’ पुस्तकमालेच्या पहिल्या संपादकांपैकी ते एक होते.

१९३४ साली लंडनच्या सेंट पँक्रस भागातून ते मजूर पक्षातर्फे नगरसेवक म्हणून निवडून आले आणि १९४७ पर्यंत ते काम त्यांनी केले. परक्या देशातल्या त्या वस्तीतल्या ग्रंथालयांकडे त्यांनी घरच्यासारखे लक्ष दिले. पुढे १९५५ मध्ये त्या बरोने त्यांना आपले सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. बर्नार्ड शॉ यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरेच.

परंतु नगरसेवकपद वेगळे आणि पार्लमेंटची उमेदवारी वेगळी. १९३९ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील मजूर पक्षाने त्यांना आपला भावी उमेदवार निवडले. गिरण्यांचे ते गाव, तेथल्या कामगारांना मलबारचा हा माणूस चालत होता. पक्षाच्या लंडनमधील वरिष्ठांना मात्र तो चालला नाही. कम्युनिस्टांशी असलेल्या कथित संबंधांचे कारण पुढे आले आणि उमेदवारी गेली. मेनन यांनी पक्षाचा राजीनामा दिला. १९४४ मध्ये ते पुन्हा पक्षात आले. गावाने निवडले आणि मुख्य कचेरीने नाकारले, असा हा पहिला अनुभव. दुसरा अनुभव यायला पुढे बरीच वर्षे जायची होती. आणि तो बरोबर उलटा असणार होता.

येथे एका मुंबईकराची आठवण होणे साहजिक आहे. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या काही मतांनी पार्लमेंटवर निवडून आले. त्यांनाही मतदारांसमोर जाण्याआधी स्वतःच्या लिबरल पक्षातला उमेदवारीचा तंटा बरीच वर्षे लढवावा लागला होता. त्या विजयाचा आपल्याला आजही अभिमान वाटतो. आपला माणूस दुसऱ्यांच्या गावी उपरा असला की आपल्याला न्याय कशात आहे ते चटकन कळते.

स्वातंत्र्यानंतर मेनन लंडनमध्ये भारताचे पहिले उच्चायुक्त झाले. त्या काळातल्या जीपखरेदीच्या व्यवहारावरून त्यांच्यावर कडाडून टीका झाली आणि ती सावली पुढे कायम त्यांच्यामागे राहिली. १९५२ पासून ते संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू मांडू लागले. जानेवारी १९५७ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर सुरक्षा समितीत ते दोन दिवस मिळून सुमारे आठ तास बोलले आणि थकव्याने कोसळले. त्या भाषणाने देशभर त्यांचे नाव झाले, आणि लगेच सार्वत्रिक निवडणूक आली.

काँग्रेसने त्यांना उत्तर मुंबईतून उभे केले. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण तेव्हाही ते मुंबईचे नव्हते. मुंबई काँग्रेसच्या एखाद्या वॉर्डात त्यांनी काम केलेले नव्हते. त्यांच्यामागे होते ते नेहरूंचे वजन. त्या जागेवर वर्षानुवर्षे पक्षाचे काम केलेल्या एखाद्या स्थानिक कार्यकर्त्याला काय वाटले असेल, याचा विचार आपण करायला हवा. मेनन यांच्यासाठी १९५७ साली दार उघडले गेले तेही आतूनच. शिवाय ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले होते आणि काँग्रेसविषयी मराठी माणसाच्या मनात राग धुमसत होता. समोर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस उभे होते. गोवामुक्तीच्या चळवळीतला तो तावूनसुलाखून निघालेला माणूस. अशा वातावरणातही मेनन सुमारे ४७ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले आणि त्याच वर्षी संरक्षणमंत्री झाले.

१९६२ ची निवडणूक तर साऱ्या देशाने श्वास रोखून पाहिली. मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले आणि विरोधी पक्षांची मोठी फळी त्यांच्यामागे एकवटली. चीनविषयीचे धोरण, कम्युनिस्टांशी जवळीक, सेनाधिकाऱ्यांशी वाद असे अनेक आरोप मेनन यांच्यावर झाले. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, त्यांच्या कारकिर्दीत गोवा मुक्त झाला होता, ही त्यांची जमेची बाजू. कृपलानी सिंधी, मेनन मलयाळी. म्हणजे सामना दोन ‘बाहेरच्यां’चाच होता. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे होत आली होती; तरीही उपनगरांतल्या मतदारांनी या दोघांतून मेनन यांना जवळजवळ दुप्पट मते देऊन निवडले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. सैन्याची तयारी अपुरी ठरली, आणि त्याची जबाबदारी संरक्षणमंत्र्यावर आली ती योग्यच होती. नोव्हेंबरमध्ये मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. १९६४ साली नेहरू निवर्तले आणि मेनन यांचा एकमेव आधार गेला.

आता १९६७ ची निवडणूक. मतदारसंघांची फेररचना होऊन ईशान्य मुंबई हा मतदारसंघ तयार झाला होता. मेनन यांना तेथून उभे राहायचे होते; दोनदा निवडून आलेला खासदार या नात्याने त्यांची ती अपेक्षा गैर नव्हती. मुंबई प्रदेश काँग्रेसची सूत्रे स. का. पाटील यांच्या प्रभावाखाली होती, आणि पाटील व मेनन यांचे मुळीच पटत नव्हते. प्रदेश काँग्रेसने उमेदवार ठरवला तो स. गो. बर्वे. मेनन महाराष्ट्रीय नाहीत, हे कारण सांगितले गेले. दिल्लीच्या श्रेष्ठींनी अखेर प्रदेशाचेच म्हणणे मान्य केले. डंडीला गावाने स्वीकारले होते आणि वरिष्ठांनी नाकारले होते. मुंबईत स्थानिक संघटनेने नाकारले आणि वरिष्ठांनी मान डोलावली. नकार मात्र दोन्ही वेळा बंद दाराआडच झाला.

बर्वे यांच्याविषयी कोणाच्याही मनात आदरच असावा असा तो माणूस होता. आयसीएसमधील कर्तबगार अधिकारी. १९६१ साली पानशेतचे धरण फुटल्यावर उद्ध्वस्त पुण्याला सावरण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. नंतर ते सरकारी नोकरी सोडून राजकारणात आले, राज्यात मंत्री झाले, नियोजन मंडळावर गेले. परंतु उमेदवारीच्या दृष्टीने पाहिले तर काँग्रेसमध्ये त्यांना जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. पक्षाच्या घरात कोण जुना आणि कोण नवा, हा निकष लावला असता तर निकाल वेगळा लागला असता. मागील निवडणुकांतील यश हा निकष लावला असता तरी वेगळाच लागला असता. चीन युद्धातील अपयश हा निकष असता, तर तसे स्पष्ट सांगून मेनन यांना उत्तर देण्याची संधी देता आली असती. त्याऐवजी जो निकष १९५७ आणि १९६२ साली आड आला नाही, तो १९६७ साली पुढे करण्यात आला.

मेनन यांनी काँग्रेस सोडली आणि अपक्ष म्हणून अर्ज भरला. १९६६ च्या जूनमध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने बर्वे यांच्या बाजूने प्रचार केला आणि मेनन यांच्या परप्रांतीयपणाचा मुद्दा रस्त्यावर आणला. मराठी तरुणाच्या नोकरीचा, घराचा प्रश्न खरा होता, त्याची व्यथाही खरी होती. मेनन सुमारे १३ हजार मतांनी पडले. निकालानंतर काही दिवसांतच, मार्च १९६७ मध्ये, बर्वे अकस्मात वारले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले, तेही पहिल्यापेक्षा अधिक मतांनी.

मतदारांच्या या कौलाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. लोकांनी दोनदा निवडले, लोकांनीच दोनदा नाकारले. प्रश्न आहे तो कौलाच्या आधीचा. त्याच १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव झाला, आणि तो केला मंगळूरहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी. पुढे दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, दोन पोटनिवडणुका झाल्या. पाटील गुजरातेतील बनासकांठामधून लोकसभेवर गेले, तर मेनन डाव्या पक्षांच्या पाठिंब्याने बंगालमधील मिदनापूरहून लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. ज्यांच्या संघटनेने मेनन यांना बाहेरचे ठरवले, त्यांनाही परप्रांतातच आश्रय मिळाला. १९७१ साली मेनन त्रिवेंद्रममधून निवडून आले आणि प्रथमच आपल्या केरळमधून लोकसभेवर गेले. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मेनन यांचा स्वभाव तिखट होता, माणसे तोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना उमेदवारी मिळायलाच हवी होती, असा या लेखाचा आग्रह नाही. कोणाला उमेदवारी द्यायची हा पक्षाचा अधिकार आहे. पण अधिकार वापरण्याची रीत असते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक निवडणूक होते, इच्छुक उमेदवार एकाच व्यासपीठावर समोरासमोर वाद घालतात. तेथेही व्यासपीठावर जागा कोणाला, यावरून भांडणे होतातच. २०१५-१६ मध्ये रिपब्लिकन इच्छुकांच्या जनमत चाचण्यांतील क्रमानुसार मुख्य आणि दुय्यम अशा दोन चर्चा ठेवल्या गेल्या. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने देणगीदारांच्या संख्येची अट घातली. लहान उमेदवारांनी अन्याय झाल्याची ओरड केली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. तरीही अट आधी जाहीर झालेली असते आणि ती सर्वांना एकच असते. म्हणून तिच्यावर निदान चारचौघांत भांडता येते. आपल्याकडे इच्छुकाचा अर्ज समितीकडे जातो, समितीची यादी दिल्लीला जाते, आणि वर्तमानपत्रात नाव आले नाही की माणसाला समजते की आपण बाहेरचे आहोत. मेनन यांना नेहरूंमुळे १९५७ साली जागा मिळाली आणि पाटलांमुळे १९६७ साली नाकारली गेली. या दोन्ही वेळी पक्षाच्या सामान्य सभासदाला कोणी काही विचारले नाही. उपऱ्यावर अन्याय झाला असेल, तर तो होण्याआधी त्या सभासदावर झालेला होता.

ईशान्य मुंबईतल्या भांडुपला आज व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या नावाचे कॉलेज आहे, आणि कुर्ल्याला स. गो. बर्वे मार्ग आहे. त्या वाटांनी रोज हजारो विद्यार्थी ये-जा करतात. त्यांतले कित्येक उद्या कॉलेजच्या विद्यार्थी मंडळात, एखाद्या पतपेढीत, एखाद्या पक्षाच्या शाखेत उमेदवार ठरवायला बसतील. तेव्हा समोरचा माणूस कोणत्या गावचा हे विचारण्याआधी, आपला नियम काय आहे आणि तो आपण काल कोणाला लावला होता, एवढे त्यांनी एकमेकांना मोठ्याने विचारावे.