लोखंडी नांगर आणि लक्ष्मणराव

नांगर ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की तिलाही काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. बैल आणि नांगर यांचे चित्र पाठ्यपुस्तकापासून निवडणुकीच्या फलकांपर्यंत सर्वत्र दिसत आले आहे. परंतु दख्खनच्या शेतात शतकानुशतके चाललेला लाकडी नांगर आणि विसाव्या शतकात त्याची जागा घेणारा लोखंडी नांगर ही दोन वेगळी अवजारे होत. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यासाठी ज्या माणसाने आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्ची घातली, ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदांताचे व्यासंगी होते. मुलाचे मन मात्र पोथ्यांत रमले नाही; त्याला चित्रे काढण्याची आणि यंत्रे उलगडून पाहण्याची ओढ होती. शाळा अर्धवट टाकून लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे दोन वर्षे काढल्यावर त्यांच्या दृष्टीतील दोष उघडकीस आला. काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसे. रंगांच्या जगात हा दोष म्हणजे वाटच बंद झाल्यासारखे होते. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक आरेखनात ते पारंगत झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

शिकवण्यापेक्षाही संस्थेच्या कार्यशाळेत त्यांचा जीव अधिक रमे. मोडलेले यंत्र जोडणे, त्याचा आराखडा कागदावर उतरवणे, एखादा भाग असाच का केला असेल याचा विचार करणे, हा त्यांचा छंद होता. याच सुमारास त्यांनी आणि वडीलबंधू रामूअण्णांनी सायकलींचा व्यापार आरंभला. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात विकायच्या, असा तो बेत होता. १८८८ सालच्या या छोट्या दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाची गणना होते. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावात त्यांनी प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचे सबंध ताट जनावरापुढे टाकले, तर ते पाने आणि कोवळा शेंडा खाते; जाड बुडखा तसाच उरतो. तोच कडबा बारीक कापून दिला, तर सारा पोटात जातो आणि वैरण वाचते. दुष्काळाची सवय असलेल्या मुलखात या बचतीचे मोल मोठे होते. आपल्या मालाला गिऱ्हाईक कोठे आहे, याची जाणीव लक्ष्मणरावांना या यंत्राने करून दिली. त्यानंतर, १९०३ साली, त्यांनी लोखंडी नांगर बनवला.

या नांगराचे महत्त्व कळण्यासाठी लाकडी नांगराचे काम समजून घ्यावयास हवे. बाभळीसारख्या जड लाकडाचा तो नांगर जमीन फाडत पुढे जाई. त्याच्या तासाचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता असा असे. त्यामुळे दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली माती शिल्लक राही आणि तेच शेत पुन्हा आडवे नांगरावे लागे. काळ्या जमिनीत असा नांगर ओढावयास तीन-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराची रीत निराळी होती. त्याचा फाळ मातीचा थर खालून कापतो आणि मागचे वळणदार पाते तो थर उचलून कुशीवर पालथा करते. हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांच्या मुळ्या उन्हात उघड्या पडून वाळतात, धसकटे मातीखाली गाडली जाऊन कुजतात आणि भुसभुशीत झालेल्या जमिनीत पावसाचे पाणी अधिक मुरते. साऱ्या किमयेचे मर्म त्या पात्याच्या वळणात असते. वळण किंचित चुकले तरी माती पालथी होत नाही, किंवा बैलांवर विनाकारण ओझे पडते.

असे हे उपयुक्त अवजार शेतकऱ्यांनी मात्र नाकारले. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. लक्ष्मणरावांचा पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली, असे सांगतात. ही हकिकत बहुधा अडाणीपणाचा नमुना म्हणून रंगवली जाते. परंतु थोडा विचार केला तर तिची दुसरी बाजू दिसते. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तेव्हा अडचण केवळ धातूची नव्हती. गावचा सुतार आणि लोहार बलुत्यावर नांगर नीट करून देत. त्यासाठी रोख पैसा लागत नसे. कारखान्यातला नांगर रोखीने घ्यावयाचा, आणि ऐन हंगामात मोडला तर सुटा भाग कोठून आणावयाचा? उथळ जमिनीत खोल नांगरट केली तर खालची निकस माती वर येते आणि पहिल्या वर्षी पीक खालावू शकते, हेही खरे आहे. हातावर पोट असलेल्या कुणब्याला एक हंगाम बुडणे परवडण्यासारखे नव्हते. त्याचा संशय जुगार टाळण्याचा शहाणपणाही होता.

लक्ष्मणरावांनी हा संशय उपदेशाने दूर करण्याचा प्रयत्न केला नाही. नांगर शेतात चालवून दाखवणे आणि त्यातील उणिवा कारखान्यात परत आणून दुरुस्त करणे, हा त्यांचा मार्ग होता. फाळाचे टोक हा नांगराचा सर्वांत लवकर झिजणारा भाग. ओतीव लोखंड मऊ राहिले तर ते झिजते आणि फार कडक झाले तर दगडाला लागून तुटते. ओतताना साच्याचा विशिष्ट भाग धातूचा ठेवला, तर तेथे वितळलेले लोखंड झपाट्याने थंड होऊन टणक बनते आणि बाकीचा भाग तुलनेने चिवट राहतो. विलायती नांगरांच्या तोडीचे फाळ ओतण्यासाठी ही कला हस्तगत करणे भाग होते. शंभूराव जांभेकरांसारख्या, अनुभवातून घडलेल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन लक्ष्मणरावांनी ती साधली.

धंदा स्थिरावतो न स्थिरावतो तोच नवे संकट आले. शहराच्या नव्या वस्तीसाठी जागा हवी म्हणून बेळगाव नगरपालिकेने कारखाना हलवण्यास सांगितले. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जागा म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाण्याची टंचाई आणि सापांचा सुळसुळाट. १९१० साली मूठभर कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली. निवडुंग तोडून कारखान्याबरोबर घरे, रस्ते आणि बागा उभ्या राहिल्या. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांवर त्यांनी राखणदारीची जबाबदारी सोपवली आणि त्यांनी ती निष्ठेने पार पाडली. पुढे रेल्वे स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी नांगर येईनासे झाले आणि मागणी एकाएकी वाढली. परंतु लोखंड, कोळसा आणि रंग यांचीही टंचाई झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा कारखान्यास दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याचे प्रयोग झाले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. गिऱ्हाइकांशी संबंध ठेवण्याच्या हेतूने निघालेले हे पत्रक पुढे मराठी वाङ्मयातील एक मान्यवर मासिक बनले आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मास आली. कारखान्यातून उसाचे चरक, पाणी उपसणारे पंप, लोखंडी सामानसुमान बाहेर पडू लागले. पंपाने मोटेवरचा बैल हळूहळू मोकळा केला. पुढील पिढीत शंतनुरावांनी हा व्याप इंजिने आणि विजेच्या मोटारींपर्यंत नेला. लक्ष्मणरावांनी उतारवयात काही काळ औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आज बैलांच्या नांगराची जागा बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे. दरवर्षी माती खोलवर पालथी केल्याने तिची धूप वाढते आणि तिच्यातील सेंद्रिय अंश घटतो, हे ध्यानात आल्यामुळे कमीत कमी नांगरट करावी, असा विचारही कृषिशास्त्रात रुजला आहे. नवी शिफारस घेऊन शेतकऱ्याच्या बांधावर जाणाऱ्याला आजही तोच जुना संशय भेटतो, कारण हंगाम अजूनही शेतकऱ्याचाच पणाला लागतो. अशा वेळी पहिल्या गिऱ्हाइकाची दोन वर्षे वाट पाहणारे आणि त्या अवधीत आपला नांगर सुधारत राहणारे लक्ष्मणराव आठवावेत.