नाना शंकरशेट आणि लोहमार्गाचें दप्तर

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली, हें शाळेंतील मूलहि सांगतें. बोरीबंदरावरून सुटलेल्या त्या गाडीस १४ डबे होते, सुमारें ४०० निमंत्रित मंडळी होती व २१ तोफांची सलामी झाली, हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्या २१ मैलांच्या रस्त्यामागें खटपट कोणाची, पैसा कोणाचा आणि जोखीम कोणाच्या माथीं, असें विचारलें म्हणजे उत्तर देणारे थोडे निघतात. म्हणून त्या उद्योगाच्या आरंभीं ज्यांचें नांव येतें त्या नाना शंकरशेटांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १८०३ सालीं मुरबाड येथें दैवज्ञ कुटुंबांत झाला. वडील मुंबईंतील मोठे व्यापारी. ते १८२२ सालीं वारले, आणि घरच्या पेढीचा सर्व भार एका तरुणावर पडला. त्या वयांत हातीं आलेल्या आयत्या संपत्तीचा बहुधा जो शेवट होतो तो येथें झाला नाहीं. नानांनीं पैसा राखला, वाढविला आणि लोककार्यास लाविला. मुंबईच्या शिक्षण मंडळावर त्यांनीं एक तपाहून अधिक काळ काम केलें. एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हां लोकनिंदेची पर्वा न करितां नानांनीं आपल्या वाड्यांत शाळेस जागा दिली. सोनापूरची स्मशानभूमि तेथून हालविण्याचा बेत निघतांच हेच नाना सरकाराशीं भांडावयास उभे राहिले. जुनें सोडावयाचें कोणतें व राखावयाचें कोणतें, हा विवेक त्यांचा स्वतःचा होता. १८५२ सालीं बाँबे असोसिएशन उभी करण्यांतहि तेच पुढें होते. १८५७ च्या धामधुमींत सरकारचा संशय त्यांच्याकडेहि वळला, परंतु त्यांतून कांहींच निष्पन्न झालें नाहीं. पुढें १८६२ सालीं त्याच सरकारनें त्यांस मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बसविलें.

आतां लोहमार्गाची हकीकत. १८४५ च्या सुमारास नाना व सर जमशेटजी जिजीभाई यांनीं मुंबईंत या कामासाठीं मंडळी जमविली. पुढें विलायतेंत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली. १८४९ सालीं पार्लमेंटनें तिचा कायदा केला. तिच्या दहा चालकांत हिंदी गृहस्थ दोनच, आणि ते हेच दोघे. परंतु खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असें नव्हे. भांडवल बहुतेक विलायतेंतील आणि शेवटचा शब्दहि विलायतेचाच.

कंपनी व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामधील १८४९ चा करार वकिलाच्या नजरेनें वाचण्यासारखा आहे. पहिलें भांडवल पांच लक्ष पौंडांचें. त्यावर शेंकडा ५ व्याजाची सरकारी हमी. जमीन ९९ वर्षें फुकट. धंद्यांत तूट आली तर ती सरकारी तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यांतून भरावयाची! ज्यास बुडण्याची भीति नाहीं तो खर्चास हात कशास आंखडील? आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कोण असा भागीदार पत्करील? या रस्त्यानें दख्खनचा व वऱ्हाडचा कापूस बंदरास आला, मुंबईची पेठ वाढली, यांत शंका नाहीं. आणि हें फळ नानांनीं आधींच ओळखलें होतें. पण त्या फळाची किंमत ज्यांनीं दिली त्यांस कोणी विचारलें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

दुसरी किंमत बोरघाटांत दिली गेली. तेथें २५ बोगदे खणावे लागले. १८६१ च्या आरंभीं ४२,००० मजूर कामावर होते. पटकीनें हजारों माणसें मेलीं. १८५९ सालीं मजुरी तटली म्हणून मजुरांनीं दंगा केला. त्याच सालीं नवा कंत्राटदार ट्रेडवेल येथें पाऊल ठेवितांच थोड्या दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीनें काम नेटानें चालविलें. १८६३ सालीं घाट खुला झाला. ट्रेडवेलचें नांव पुस्तकांत आहे, त्याच्या पत्नीचें आहे, मुख्य इंजिनियर बर्कले याचें तर आहेच. परंतु सुरुंगाखालीं व पटकीनें गेलेल्या मजुरांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं? कागद ज्याच्या हातीं, कीर्ति त्याची, असा हा न्याय आहे.

घाट खुला झालेला पाहून नाना ता. ३१ जुलै १८६५ रोजीं वारले. त्यांच्या नांवाची संस्कृत शिष्यवृत्ति पुढें पिढ्यान्‌पिढ्या हुशार मुलांचें भूषण झाली. अलीकडे मुंबई सेंट्रल स्थानकास त्यांचें नांव द्यावें अशी शिफारस राज्य सरकारनें केली. हेतु चांगला आहे. परंतु तें स्थानक १९३० सालीं दुसऱ्याच कंपनीनें बांधिलें, आणि ज्या मार्गासाठीं नाना झटले तो बोरीबंदराहून निघतो, एवढें तरी आपणांस ठाऊक असावें. इतिहास न वाचतां दिलेलें नांव ही केवळ पाटी होय.

१९०० सालीं सरकारनें ही कंपनी विकत घेतली व १९५१ सालीं ती मध्य रेल्वेंत मिळाली. कंपनीचे कागद मात्र कांहीं लंडनांत, कांहीं मुंबईंत असे विखुरले. जें दप्तर सरकारच्या हातीं आहे त्याची बिनचूक यादी करून तें सामान्य वाचकास खुलें असावें, ही आमची मागणी आहे. व्यापारी बंधूंसहि आमचें सांगणें आहे. आपल्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वह्या, जुन्या बिल्ट्या, जमीन गेल्याच्या नोटिसा वाळवीच्या तोंडीं पडल्या असतील, तर त्या रद्दींत घालूं नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करा. विलायतेच्या चालकांनीं आपली बाजू लिहून ठेविली आहे. आपली बाजू आपल्या वह्यांतच आहे, आणि त्या गेल्या म्हणजे आपला दावा पुराव्यावांचून फेटाळला जाईल.