विश्लेषण : परक्या यकृतावर शरीर हल्ला का करते? पीटर मेडावर यांना उत्तर कसे सापडले?

यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया चोख झाली, तरी रुग्णाला सहसा आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. कारण रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी नव्या यकृतावर उठतात. हे कारण प्रयोगाने दाखवून देणारे पीटर मेडावर सर्जन नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते.

मेडावर या प्रश्नाकडे कसे वळले?

मेडावर यांचा जन्म १९१५ चा, ब्राझीलमधला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्रज. शिक्षण ऑक्सफर्डला झाले. १९४० मध्ये, युद्धकाळात, त्यांच्या ऑक्सफर्डमधील घराजवळ एक विमान कोसळले. त्यात भाजलेल्या वैमानिकासाठी डॉक्टरांनी त्यांचा सल्ला घेतला. दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला.

ग्लासगोत काय दिसले?

ग्लासगोमध्ये सर्जन टॉम गिब्सन यांच्यासोबत त्यांनी भाजलेल्या एका महिलेवर तिच्या भावाची त्वचा लावली. पहिली खेप काही दिवस तगली आणि गेली. त्याच भावाच्या त्वचेची दुसरी खेप त्याहून लवकर गेली. दोष जोडणीत असता, तर दोन्ही वेळा साधारण सारखाच काळ लागला असता. दुसऱ्यांदा घाई झाली, म्हणजे शरीराने ती त्वचा लक्षात ठेवली होती! चाचणी म्हणाल तर साधी, पण सगळा निष्कर्ष त्या दुसऱ्या खेपेत आहे. हा अहवाल १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सशांवरील प्रयोगांतही तेच दिसले.

हल्ला पेशीच करतात, हे कसे कळले?

१९५३ मध्ये लंडनमध्ये रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या गर्भातील पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठी झाल्यावर त्यातल्या काहींनी त्या जातीची त्वचा मुकाट स्वीकारली. मग अशी त्वचा आधी नाकारलेल्या उंदरांच्या लसिकाग्रंथी या उंदरांत घातल्या, तेव्हा स्थिरावलेली त्वचाही नष्ट झाली. रक्तातल्या नुसत्या सीरमने ही नाकारण्याची क्षमता दुसऱ्या उंदरात जात नव्हती; ग्रंथींतल्या पेशींनी जात होती. १९६० चे नोबेल त्यांना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासोबत मिळाले.

यकृतात नेमके काय घडते?

मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे केले; रुग्ण वाचला नाही. दात्याच्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिने असतात, एक प्रकारचे ओळखपत्रच. रुग्णाच्या टी-पेशी ते परके म्हणून ओळखतात, संख्येने वाढतात आणि यकृतात शिरतात. मार मुख्यतः पित्तनलिकांना आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बसतो. टॅक्रोलिमस हे औषध टी-पेशींना चेतवणारा संदेशच अडवते. मात्र त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो.

गोळ्या कधी थांबू शकतात?

मेडावर यांना १९६९ मध्ये पक्षाघात झाला. तरीही त्यांनी काम आणि लेखन सोडले नाही. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. उंदरांत त्यांनी घडवलेली सहनशीलता माणसात हुकमी आणता आलेली नाही. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या तुलनेत यकृत शरीराला जरा सहज मानवते. त्यामुळे काही निवडक रुग्णांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण बंद करता आल्या आहेत. कोणाच्या बंद करता येतील, हे आधीच खात्रीने सांगणारी चाचणी अजून नाही. आपल्या मनाने गोळ्या सोडणाऱ्या रुग्णाला मिळालेले यकृत गमवावे लागू शकते.